मूल चालू लागले की घरात आधी काय बदलावे?

तुमचा मुलगा १३ महिन्यांचा आहे, नुकताच चालू लागला आहे, ठाण्यात सहाव्या मजल्यावर तुमचे घर आहे, सासू-सासरे सोबत राहतात आणि दिवाळीला सातारा जिल्ह्यातील गावी जाणे होते. ऑनलाइन मिळणारा बेबी सेफ्टी किट घ्यावा का आणि घरात सर्वांत आधी काय बदलावे, असे तुम्ही विचारले आहे. सोबत सासूबाईंचे म्हणणेही कळवले आहे की, आम्हीही मुले वाढवली, नीट लक्ष ठेवले की पुरते. बालरोगतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे मी अपघात विभागात अशी मुले पाहत आलो आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

आधी सासूबाईंच्या मुद्द्याबद्दल. लक्ष ठेवायलाच हवे, यात दुमत नाही. परंतु अपघात होऊन आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या जवळ त्या वेळी कोणीतरी मोठे माणूस असतेच, आणि तेही निष्काळजी नसते. दूध उतू जायला आलेले असते, दाराची बेल वाजते, मोठ्या भावंडाला शाळेची बस गाठायची असते. तेवढ्या अर्ध्या मिनिटात गोष्ट घडून जाते. कोणाचेही लक्ष दिवसभर अखंड टिकत नाही. म्हणून लक्ष चुकले तरी मुलाला मोठी इजा होणार नाही, अशी घराची मांडणी करून ठेवणे हाच खरा उपाय आहे. हे त्यांना अशा रीतीने सांगितले, तर त्यांनी केलेल्या संगोपनावर शंका घेतल्यासारखेही होणार नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. किटमध्ये बहुधा टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचे रबरी तुकडे, ड्रॉवरचे लॉक आणि प्लगची झाकणे असतात. कोपरा लागून टेंगूळ येते, कधी टाके पडतात, पण मूल बरे होते. पाणी, उंची, कढत पदार्थ, श्वासनलिकेत किंवा अन्ननलिकेत अडकणाऱ्या वस्तू आणि विषारी पदार्थ या पाच गोष्टींत मात्र चूक सुधारायला वेळ मिळतोच असे नाही. वेळ आणि पैसा आधी तिथे घालवावा.

काम सुरू करण्यापूर्वी एक मोजमाप घ्या. मुलाला भिंतीशी उभे करा, वर एखादे खेळणे धरून हात उंच करायला लावा आणि त्याची बोटे पोहोचतात तिथे पेन्सिलने खूण करा. या वयाच्या मुलाची उंची साधारण ७५ ते ७८ सेंमी असते आणि टाचा उचलून हात वर केला की बोटे ९० सेंमीच्या आसपास जातात. आपल्याकडचा स्वयंपाकाचा ओटा बहुधा ८० ते ८५ सेंमी उंच असतो, म्हणजे ओट्याच्या कडेवरचे भांडे आजच त्याच्या हाताच्या टप्प्यात आहे. दर तीन महिन्यांनी ही खूण पुन्हा करा. दीड वर्षाच्या सुमारास मूल चढू लागते, स्टूल किंवा तिपाई ओढत नेऊ लागते, आणि मग उंच ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, हा हिशेब संपतो. तिथून पुढे कडी-कुलूपच हवे.

पाण्यापासून सुरुवात करा. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते. मूल बादलीत वाकून पाहते, तोल जातो, डोके खाली आणि पाय वर होतात, आणि स्वतःला वर ओढून घेण्याइतकी ताकद त्याच्या हातांत नसते. भरलेली बादली लहान मुलाने उलटत नाही, म्हणून सुटकेचा मार्गच राहत नाही. तळाशी पाच सेंमी पाणी असले तरी नाक-तोंड बुडायला पुरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या सगळ्याचा आवाज होत नाही. मूल बुडताना ओरडेल आणि आपण धावू, ही समजूत मनातून काढून टाका.

बादल्या रिकाम्या ठेवा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण जिथे पाणी ठरावीक वेळी येते, किंवा एक दिवसाआड येते, तिथे तो पाळता येत नाही हे मला ठाऊक आहे. अशा वेळी पाणी साठवायचेच तर घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या पिंपात साठवा, उघड्या बादलीत किंवा टबात नको. न्हाणीघराच्या आणि संडासाच्या दाराला बाहेरून, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर कडी बसवा आणि ती लावण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या ताईंनाही, लावा. आतल्या बाजूचा खालचा बोल्ट काढून टाका, कारण मुले स्वतःला आत कोंडून घेतात आणि मग दार फोडावे लागते. अंघोळ घालताना फोन वाजला तर तो वाजू द्यावा; अगदी जावेच लागले तर मुलाला टॉवेलात गुंडाळून सोबत न्यावे.

न्हाणीघरातच दुसरा धोका आहे तो कढत पाण्याचा. आपल्याकडे आधी बादलीत कढत पाणी काढतात आणि मग विसण घालतात. या दोन कृतींच्या मधल्या वेळात मूल बादलीत हात घालते, किंवा बादलीच्या काठाला धरून उभे राहायला जाते. क्रम उलटा करा: आधी गार पाणी, मग त्यात गरम. सवय बदलायला दोन-तीन दिवस लागतात, खर्च काहीच नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण उत्तरातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा बदल आहे. गीझरला तापमानाची कळ असेल तर ती ५० अंश सेल्सियसवर ठेवा. ६० अंशांच्या पाण्याने लहान मुलाची कातडी काही सेकंदांत खोलवर भाजते. ५० अंशांवर हात मागे घ्यायला आणि मुलाला उचलायला पुष्कळ जास्त अवधी मिळतो. बादलीत टाकायचा हीटर रॉड मूल असलेल्या घरात वापरूच नये, कारण त्यात भाजणे आणि विजेचा धक्का दोन्ही एकत्र येतात. गॅस गीझर असेल तर तो बंद न्हाणीघरात नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्वयंपाकघरात कढया आणि पातेल्यांचे दांडे भिंतीकडे वळवा आणि मागच्या शेगडीवर आधी शिजवा. वरण, आमटी, खीर यांसारखे दाट पदार्थ पाण्यापेक्षा जास्त भाजतात, कारण ते अंगाला चिकटून राहतात. जेवणाच्या टेबलावर लोंबणारा टेबलक्लॉथ नको. आणि चहा. आजोबा पेपर वाचत बसलेले आहेत, कप शेजारी तिपाईवर आहे, नातू मांडीवर चढायला येतो, हे दृश्य प्रत्येक घरात रोज असते आणि छातीवर-गळ्यावर भाजलेली कितीतरी मुले याच प्रसंगातून येतात. मूल मांडीवर असताना हातात किंवा हातभर अंतरावर गरम चहा नाही, एवढा एकच नियम घरात सर्वांनी मिळून ठरवा.

सहाव्या मजल्याबद्दल. बाल्कनीच्या कठड्याचे गज आडवे असतील तर ती मुलासाठी शिडीच आहे. आतून उभी जाळी किंवा जाड पारदर्शक शीट लावून घ्या. उभ्या गजांमधले अंतर १० सेंमीपेक्षा कमी हवे. डोके अडकते म्हणजे मूल पलीकडे जाणार नाही, असे समजू नका. मुले पाय आधी घालतात आणि धड निसटते. कुंड्या, खुर्ची, कपड्यांचा स्टँड, जुने पिंप असे काहीही कठड्याजवळ ठेवू नका. सरकत्या खिडकीखाली पलंग किंवा दिवाण असेल तर तो आजच दुसऱ्या भिंतीला सरकवा. डासांची जाळी मुलाचे वजन पेलत नाही, तिच्यावर भिस्त ठेवू नये. खिडक्यांना ग्रिल नसेल तर बसवून घ्या, मात्र एका ग्रिलला उघडणारी झडप आणि किल्ली हाताशी असू द्या, कारण आग लागली तर मोठ्यांना बाहेर पडता आले पाहिजे.

आता गिळण्याच्या वस्तूंकडे वळतो, कारण यात पालकांना सर्वांत कमी माहिती असते. छोटे रिमोट, गाडीची किल्ली, वजनकाटा, डिजिटल थर्मामीटर, दिव्यांची खेळणी, गाणारी शुभेच्छापत्रे यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. सीआर २०३२ हा त्यातला नेहमीचा प्रकार, २० मिमी व्यासाचा. तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकण्याच्या नेमक्या मापाचा आहे. अडकला की ओल्या पेशींतून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्क (कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ) तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. काही वेळा जखम खोल जाऊन शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला दोन दिवस लाळ गळत होती आणि ती भात-वरण तोंडातून परत काढत होती; घशाचा संसर्ग समजून औषध चालू होते. एक्स-रेमध्ये गोल सावली दिसली आणि तिच्या कडेला आत आणखी एक कडा होती. नाण्याला अशी दुहेरी कडा दिसत नाही, सेलला दिसते. त्या कुटुंबात सेल हरवल्याचे कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

म्हणून घरातली अशी सगळी उपकरणे एकदा शोधून काढा, सेलच्या कप्प्याला स्क्रू आहे का ते पाहा, नसेल तर जाड चिकटपट्टी लावा किंवा ती वस्तू कपाटात टाका. निकामी झालेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज शिल्लक असते, त्यामुळे तो ड्रॉवरमध्ये न टाकता टेपमध्ये गुंडाळून लगेच घराबाहेर काढा. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी, मूल हसत-खेळत असले तरी, थेट अशा रुग्णालयात जा जिथे एक्स-रे आणि दुर्बिणीने सेल काढण्याची सोय आहे. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळून १२ तासांपेक्षा कमी वेळ झाला असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा देता येतो. मधाने भाजण्याचा वेग कमी होतो. पण मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नये आणि दुसरे काही खायला-प्यायला देऊ नये. खेळण्यांतले छोटे, शक्तिशाली चुंबकही याच गंभीरतेने घ्यावेत. दोन चुंबक आतड्यांच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना चिकटले तर मधल्या भिंतीला भोक पडते.

श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंत आपल्याकडे शेंगदाण्याचा मान पहिला. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे, काजू-बदाम नकोत. शेंगदाण्याचे कूट आणि सुक्या मेव्याची पूड खुशाल द्या. द्राक्षे उभी चिरून, सीताफळ आणि चिकू बिया काढून, गाजर शिजवून किंवा किसून द्या. खाताना मूल बसलेले असावे. मागे धावत भरवण्याची पद्धत या एकाच कारणासाठी सोडून द्यावी. खाताना जोरदार ठसका लागला, मूल निळसर झाले आणि मग आपोआप शांत झाले, तर गोष्ट संपली असे धरू नका. दाणा एका बाजूच्या फुप्फुसाच्या नळीत उतरलेला असू शकतो आणि पुढे आठवडाभर तो सर्दी-खोकला म्हणून चालत राहतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही वाढदिवसानंतर लगेच झाडून काढा.

औषधांच्या बाबतीत तुमच्या घरात दोन पिढ्यांची औषधे आहेत, हे विशेष लक्षात घ्यायला हवे. ज्येष्ठांसाठीचे वारांचे कप्पे असलेले डबे उघडायला सोपे असतात, आणि म्हणूनच ते मुलालाही उघडतात. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांपैकी एकच गोळी लहान मुलाची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते आणि हा परिणाम कित्येक तास उशिराही दिसतो. म्हणून मूल बरे दिसते म्हणून घरी थांबू नये. तुमच्या गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या उरल्या असतील तर त्याही शोधा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल, साखरेचे आवरण असलेल्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. १० किलो वजनाच्या मुलाने तीन-चार गोळ्या खाल्ल्या तरी विषबाधेची लक्षणे दिसू शकतात, दहा गोळ्यांनी जिवावर बेतते, आणि गोळी दिसते मात्र गोड चॉकलेटसारखी. सगळी औषधे एका कुलूपबंद कपाटात ठेवा. पाहुणे आले की त्यांची पर्स किंवा पिशवी जमिनीवर राहू देऊ नका, कारण तिच्यात बहुधा गोळ्या असतात.

देवघर खालच्या उंचीवर असेल तर कापूर आणि काडेपेटी वर हलवा. कापराची वडी खडीसाखरेसारखी दिसते, पटकन शोषली जाते, आणि काही मिनिटांत मुलाला झटके येऊ शकतात. डासांच्या लिक्विड मशीनची बाटली खालच्या सॉकेटमध्ये लावू नका. त्यातले द्रावण केरोसिनच्या जातीचे असते. फिनेल, संडास साफ करण्याचे आम्ल, नळी मोकळी करण्याची पावडर हे सिंकखाली न ठेवता वरच्या कुलपाच्या कप्प्यात, मूळ बाटलीतच ठेवा. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले रसायन मुलासाठी सर्वांत घातक. कपड्यांतल्या डांबरगोळ्या काढून टाका. काही मुलांमध्ये जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते आणि त्यांच्या तांबड्या रक्तपेशी या गोळ्यांमुळे फुटू लागतात. घरात कोणी तंबाखू खात असेल तर चुन्याची ट्यूब किंवा पुडी मुलाच्या हाती कदापि लागू नये. मूल ती दाबते, ती फुटते, चुना डोळ्यात उडतो, आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.

विजेच्या बाबतीत वायरमनकडून एकच गोष्ट तपासून घ्या: मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, आहे का. सॉकेटची झाकणे त्यानंतर. मोबाइलचा चार्जर काम झाल्यावर बोर्डातून काढा, लोंबते टोक तोंडात जाते. टीव्ही, पुस्तकांचा रॅक आणि ड्रॉवरचे कपाट भिंतीला लोखंडी अँगलने पक्के करा. मूल ड्रॉवर ओढून पायऱ्यांसारखे चढते आणि अख्खे कपाट अंगावर घेते.

गावच्या घराबद्दल वेगळे सांगतो, कारण ते घर मुलासाठी मांडलेले नसते आणि सणाच्या गर्दीत प्रत्येकाला वाटते की मूल दुसऱ्या कोणाकडे आहे. पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. हौद, विहीर, अंगणातला पाणी तापवायचा बंब, चूल, गोठ्यातले किंवा माडीवरचे कीटकनाशक, केरोसिनची बाटली, उंदरांसाठी भाकरीला लावून ठेवलेले औषध, एवढे पाहायचे. उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचे लक्षण असे की, सुरुवातीच्या उलट्या थांबून मूल एक-दोन दिवस बरे वाटते आणि मग यकृत निकामी होऊ लागते. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या उतारावर मोठ्या माणसालाही पाय रोवून वर येता येत नाही, तिथे कुंपणाशिवाय मुलाला नेऊच नका. फराळाच्या तळणाच्या वेळी, आणि पणत्या-फटाक्यांच्या वेळीही, मूल कोणाच्या ताब्यात आहे हे नाव घेऊन ठरवा: "आता एक तास आत्याकडे," असे मोठ्याने सांगून.

इतके करूनही काही झालेच, तर घरातल्या सर्वांना पुढचे माहीत हवे. भाजले तर दागिने-कपडे सैल करून नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. विषारी पदार्थ पोटात गेला तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. केरोसिन किंवा आम्ल परत वर येताना फुप्फुसात जाते किंवा दुसऱ्यांदा भाजते. बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन निघा. डोळ्यात चुना गेला तर तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याची धार निदान २० मिनिटे सोडा आणि मगच नेत्रतज्ज्ञांकडे जा. घशात काही अडकून मूल खोकूही शकत नसेल, तर त्याला पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, असे आलटून पालटून करा. वस्तू दिसत नसताना बोट घालून चाचपू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हे क्रमांक सासू-सासऱ्यांच्या फोनमध्येही साठवून ठेवा, कारण दुपारी घरी तेच असतात.

आता किटबद्दल. त्यातले कपाटांचे लॉक तुम्हाला उपयोगी पडतील, तेवढे सुटे घ्या. चिकटवण्याचे लॉक वाफेने सुटतात, म्हणून स्वयंपाकघरात स्क्रूचे घ्या. कोपऱ्यांचे रबर मुले काढून चघळतात. घेतलेत तर रोज ओढून पाहा. वॉकर घेऊ नका, कोणी भेट दिला तरी वापरू नका. त्यामुळे मूल लवकर चालत नाही, उलट क्षणात ओट्यापर्यंत किंवा जिन्यापर्यंत पोहोचते. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने. उरलेल्या पैशांत न्हाणीघराची कडी, औषधांच्या कपाटाचे कुलूप आणि बाल्कनीची जाळी होईल तेवढी करून घ्या. जाळीला पैसे कमी पडत असतील, तर ती लागेपर्यंत बाल्कनीच्या दाराला वरची कडी लावा आणि कपडे वाळत घालताना मुलाला घरात, दाराच्या अलीकडे ठेवा.